चाकामागचे दोन दगड

घाटकोपरला डोंगरावरच्या खाणीकडे जो रस्ता चढतो, त्याच्या तोंडाशी धाकूचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार वासे, वर गंजके पत्रे आणि मागे लागूनच राहायची खोली. पाटी नव्हती आणि पाटीवाचून काही अडतही नव्हतं. इंजिनाला हात घालणारे त्या रस्त्यावर पाच-सहाजण होते, पण कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत कोणाच्या गाडीचा ब्रेक बिघडला, की चार लोक एकच नाव सांगायचे. धाकू तोंडानं फटकळ. गिऱ्हाइकाला 'बसा' म्हणायची त्याला सवय नव्हती. तरी लोक यायचे, कारण त्याचा एक नियम सगळ्यांना ठाऊक होता.

नियम असा, की ब्रेकचं काम झालं, की गाडीची पहिली फेरी धाकू स्वतः बसल्याशिवाय व्हायची नाही. तीही सपाटीवर नव्हे आणि रिकामी तर नव्हेच. गाडीत माल भरायचा, खाणीचा चढ चढायचा आणि धाकूला शेजारी बसवून खाली यायचं. "काम माझा, मगे पयलो जीव पण माझो," एवढंच तो म्हणायचा. कोणी हसलं, तर त्याची गाडी तो तशीच परत पाठवायचा.

हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तरुणपणी तो परळच्या एका गिरणीत कामाला होता. एका फिटरनं यंत्राचा पट्टा जोडला आणि दुसऱ्या दिवशी दांडी मारून तो घरी बसला. पट्टा सुटला तो धाकूच्या गावच्या अनंतच्या तोंडावर. अनंतचा डोळा गेला, आणि पट्टा जोडणाऱ्याला ते संध्याकाळी पान खाताना कोणाकडून तरी कळलं. पट्टे सुटतात, त्याचा धाकूला राग नव्हता. तो माणूस तिथं नव्हता, याचा राग होता. पुढं गिरणी सुटली, लढाईच्या दिवसांत लष्करी मोटारींच्या एका कारखान्यात तो ब्रेकचं काम शिकला, लग्न झालं, घाटकोपरला बिऱ्हाड आलं. तो राग मात्र त्यानं जपून बरोबर आणला होता.

पंचावन्न सालच्या नवरात्रात जयवंतची पिकअप त्याच्याकडे आली.

जयवंत खाणीवर पाण्याची पिंपं, पहारी, घण आणि कामगारांचं धान्य पोचवायचा. पिकअप लढाईनंतरच्या लिलावात निघालेली. तिचा मूळ रंग कोणता, ते खुद्द जयवंतलाही सांगता आलं नसतं. हँडब्रेक नावापुरता. गिअर इतका झिजलेला, की उतारावर आपोआप सुटून यायचा. सगळी भिस्त पायातल्या ब्रेकवर, आणि आता तोही गेला होता. मास्टर सिलेंडर गळत होता. पेडल दाबलं की या सिलेंडरातलं तेल नळ्यांतून चारी चाकांकडे जातं आणि चाकं धरून ठेवतं. पाय काढला की तेच तेल एका बारीक भोकातून परत येतं आणि चाकं सुटतात. जयवंतचं तेल निम्मं रस्त्यावर सांडत होतं. दोन महिने तो सीटखाली दोन काळे दगड घेऊन फिरत होता. कुठंही थांबला की आधी उडी मारून चाकामागे दगड, मग बाकीचं सगळं.

"धाकूभाऊ, एक दिवस वाट लागणार बघा माझी," तो म्हणाला.

"तुझी लागली तर लागांदे. खाली रस्त्यार माणसां रवतत," धाकू म्हणाला, आणि पिकअप त्यानं तिथंच ठेवून घेतली.

नवा सिलेंडर मिळण्याची बातच नव्हती. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे तीन दिवस उन्हात हिंडल्यावर एका मोडक्या लष्करी ट्रकखाली त्याला हवा तसा मिळाला, आतून एकही ओरखडा नसलेला. आत बसवायचे रबराचे कप मात्र नवे, डबीतले. बोटभर रुंदीच्या काळ्या वाट्याच त्या. तेलाला मागं सुटू न देणं हे त्यांचं काम. डबीत एक वाटी जादाची होती.

या रबराचं एक पथ्य असतं. त्याला रॉकेल किंवा पेट्रोल लागलं, की ते फुगतं. धुवायचं तर स्पिरिटनं, नाहीतर ब्रेकच्याच तेलानं. दारूबंदीच्या त्या दिवसांत घरात स्पिरिटची बाटली ठेवणं म्हणजे पोलिसाला चहाला बोलावणं, म्हणून धाकू ब्रेकचंच तेल वापरायचा. ही गोष्ट त्याच्या इतकी अंगवळणी पडली होती, की ती दुसऱ्या कोणाला सांगायला हवी, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नाही.

अष्टमीला संध्याकाळी त्यानं सिलेंडर साफ केला, रबराच्या वाट्या आणि स्प्रिंग एका ताटलीत काढून ठेवली आणि हात धुतले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा, आणि पूजेला बसलेल्या हत्याराला कोणी हात लावायचा नाही. जोडणी आता दसऱ्याला सकाळी.

पूजेआधी हत्यारं धुवायचं काम त्याच्या बायकोचं, वनमालाचं. लग्न होऊन आल्यापासूनचं. एरवी तिला गॅरेजात पाऊल टाकायची सोय नव्हती. 'लुगड्याक तेल लागात' म्हणून धाकू तिला हाकलायचा. वर्षातला हा एक दिवस तिचा. सकाळीच ती घमेल्यात रॉकेल ओतून बसायची आणि पाने, पक्कडी, हातोडे एकेक करून घासायची. पान्यांची नावं तिला येत नसत, पण कुठला पाना नवऱ्याच्या हातात रोज असतो, ते तिला त्याच्या झिजेवरून कळायचं. असा पाना ती दोनदा पुसायची.

त्या वर्षी तिनं ताटलीतलं नवं सामान पाहिलं. तीन दिवस नवरा ज्याच्यासाठी उन्हात फिरला, ते हे सामान. वाट्यांना हात लावला, तर बोटं काळी झाली. इतकं मोलाचं सामान देवीपुढं असं काळं कसं मांडायचं? तिनं एका भांड्यात रॉकेल ओतलं आणि वाट्या भिजत टाकल्या. बाकीची हत्यारं होईपर्यंत, चांगले दोन तास, त्या भिजत राहिल्या. मग तिनं त्या कोरड्या पुसल्या, हळदकुंकू लावलं आणि झेंडूच्या माळेखाली मांडल्या. शेजारीच जयवंतचे ते दोन दगड होते. आपल्या धंद्याचं खरं हत्यार तेच, असं म्हणत त्यानं ते हसत हसत आणून ठेवले होते. वनमालानं त्या दगडांनाही कुंकू लावलं.

दसऱ्याला सकाळी धाकू जोडणीला बसला. पहिली वाटी उचलली आणि त्याचा हात थांबला. रॉकेलचा वास आला.

पण त्या दिवशी त्या घरात रॉकेलचा वास कशाला नव्हता? पान्यांना होता, ताटलीला होता, त्याच्या स्वतःच्या बोटांना होता. दारात जयवंत ताटकळत उभा. त्याची म्हातारी आई, पोरं, शेजारपाजारच्या बायका, सगळ्यांना दुपारी पिकअपमधून खाणीवरच्या देवीला जायचं होतं. आणि वनमाला चहा घेऊन उभी होती, नवं लुगडं नेसून. आपण मांडलेलं सामान नवरा उचलतोय, याचं कौतुक तिच्या तोंडावर मावत नव्हतं. 'कशानं धुतलंस?' एवढं एक वाक्य विचारायचं होतं. ते विचारलं असतं, तर ते कौतुक त्याच्या डोळ्यांदेखत विझलं असतं, आणि दसऱ्याचा दिवस होता. त्याचा राग यावा अशीच ही जागा आहे. फटकळ म्हणून पंचक्रोशीत नाव काढलेला माणूस नेमका तिथं गप्प बसला. वाटी त्यानं ब्रेकच्या तेलात बुचकळली आणि आत सारली. जरा घट्ट गेली. नवं रबर, त्यानं स्वतःला सांगितलं.

सिलेंडर चढला, नळ्या जोडल्या, त्यांतली हवा काढली. जयवंतनं पेडलवर पाय दिला आणि ओरडला, "झकास! काय वर आलंय पेडल! दोन महिन्यांत असं लागलं नव्हतं पायाला."

"माल भर. चढार जावया," धाकू म्हणाला.

"आता कुठं माल भरू, धाकूभाऊ? सणाचा दिवस. पोरं कधीची आंघोळ करून बसलीत. स्टेशनच्या रस्त्यानं मारू ना एक फेरी, तुम्ही आहातच शेजारी."

धाकूनं चढाकडे पाहिलं, मग दारातल्या गर्दीकडे पाहिलं, आणि तो चढून बसला. स्टेशनपर्यंत गेले आणि आले. रिकामी गाडी, सपाट रस्ता. पाय ठेवला की गाडी जागच्या जागी उभी राहत होती. नियम मोडला नाही, थोडा वाकवला, अशी त्यानं मनाची समजूत घातली असणार. परत आल्यावर जयवंतनं देवीपुढचे ते दोन दगड उचलून गॅरेजच्या दाराशी ठेवले.

"हे तुम्हालाच बक्षीस. आता माझ्या गाडीला दगड लागत नाही."

सगळे हसले. धाकूही हसला.

तीनच्या सुमाराला पिकअप निघाली. बॉनेटवर माळा, मागच्या हौद्यात बायका आणि पोरं धरून अकराजण, पुढं जयवंत, त्याची आई आणि वनमाला. देवीची ओटी तिच्या मांडीवर होती.

"तुमी येनास नाय?" तिनं खिडकीतून विचारलं.

"माका गिऱ्हाइकां येतली सोना देवक. तू जा."

गाडी चढाला लागली. धाकू दाराशी उभा राहून ऐकत होता. वळणामागं गेल्यावरही आवाज येत होता, आणि तो त्याला आवडला नाही. इंजिन रडत होतं. माणसं जास्त आहेत, तो म्हणाला. हे त्यानं तोंडानं म्हटलं, आजूबाजूला कोणी नसताना.

आत येऊन तो आवराआवर करू लागला. जुना सिलेंडर घासूनपुसून ठेवावा, कधी अडीनडीला लागेल, म्हणून त्यानं हातात घेतला, आणि उरलेली जादा वाटी त्यात बसवून पाहिली. दोन्ही सिलेंडर एकाच मापाचे. सकाळची तेलात बुचकळून सारली होती, ही कोरडी वाटी जाईना. त्यानं अंगठ्यानं दाबली. कड दुमडली, पण ती आत गेली नाही. त्यानं ती उजेडात धरली. कड फुगून मऊ पडली होती. नाकाशी नेली. आता तो वास बोटांवर ढकलायला जागा उरली नव्हती. हे रॉकेल रबराच्या आतून येत होतं.

तो खाली बसला. आत बसवलेली वाटीही अशीच असणार. फुगून तिनं ते बारीक भोक बुजवलं असणार. तेल चाकांकडे जाईल, परत यायचं नाही. चाकं अर्धवट धरलेलीच राहतील, घासतील, तापतील. म्हणून तर पेडल इतकं वर आलं होतं. ज्याला सगळ्यांनी वाखाणलं, तो रोग होता.

तेवढ्यात शेजारचे श्यामकांत आले. कचेरीत कारकून असलेले सज्जन गृहस्थ. देवीचं दर्शन घेऊन डोंगरावरून पायी उतरत होते. त्यांनी आपट्याचं पान धाकूच्या हातात ठेवलं.

"काय काम केलंय हो तुम्ही! जयवंताची गाडी मधल्या चढावर उभी आहे. रेडिएटर उकळला, तो गेलाय खाणीवर पाणी आणायला. पण गाडी अशी धरून राहिलीय, की ड्रायव्हर नाही, ब्रेकवर पाय नाही, तरी हलायचं नाव नाही. बायका आत बसून प्रसाद वाटताहेत."

धाकूच्या हातातलं पान खाली पडलं.

"चाकामागे दगड हत?"

"दगड कशाला? म्हटलं ना, हलतच नाही ती."

पुढचं त्याला समोर मांडल्यासारखं दिसलं. तापलेलं तेल फुगलंय, म्हणून चाकं धरून बसलंय. गाडी उभी आहे, म्हणजे चाकं थंड होणार. थंड झाली, की तेल आखडणार आणि चाकं सुटणार. गिअर धरणार नाही. हँडब्रेक नाहीच. खाली वळण, आणि वळणाखाली झोपड्या.

दाराशी कुंकू लावलेले दोन दगड पडले होते. त्यानं ते गोणपाटात घातले, सायकलच्या कॅरिअरला बांधले आणि निघाला. पहिल्या वळणाला सायकल चढेना. त्यानं ती तिथंच टाकली, एकेक दगड एकेका काखेत घेतला आणि धावत सुटला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, सकाळपासून पोटात चहा. रोज या डोंगरावर घणांचा ठणठणाट असायचा. आज सणाची सुट्टी, सगळी खाण गप्प. त्याला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. माणसं घरात असली म्हणजे ती आपलीच असतात, असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. आता वनमाला कुठं बसली आहे, दार आतून उघडतं की बाहेरून, हेसुद्धा त्याला नीट आठवेना.

दुसऱ्या वळणावर पिकअप दिसली. तोंड वर, पाठ त्याच्याकडे. हौद्याच्या फळीवर दोन पोरं पाय खाली सोडून खोबरं खात होती. त्यांनी त्याला पाहून हात हलवला.

तो ओरडला नाही. ओरडला असता, तर सगळी एकदम उठली असती आणि पोरांनी मागंच उड्या मारल्या असत्या, नेमक्या चाकांच्या वाटेत. तो चालत जवळ गेला. ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास येत होता. चाकांतून बारीक टक्-टक् आवाज येत होता, लोखंड निवताना येतो तसा. डावीकडच्या चाकामागे वाकून त्यानं पहिला दगड बसवला आणि उजवीकडे वळला.

गाडी हलली. फार नाही, बोटभर. मग आणखी बोटभर. डावीकडचा दगड खडीवरून खरवडत मागं सरकू लागला. वर कोणाला काही कळलं नव्हतं, कोणीतरी हसत होतं. धाकूनं गुडघे टेकले आणि दुसरा दगड उजव्या चाकाखाली उजव्या हातानं आत कोंबला. काढायला वेळ होता की नव्हता, ते त्यालाही पुढं कधी सांगता आलं नाही. दगड निसटू नये म्हणून त्यानं तो धरून ठेवला. चाक दगडावर चढलं, हातावर चढलं आणि तिथं थांबलं.

आतल्यांना एक हिसका बसला, एवढंच. एका पोराच्या हातातलं खोबरं रस्त्यावर पडलं.

"उतरा," धाकू खालून म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "मागसून नको. बाजून उतरा. एकेक. पोरां पयली."

ती सगळी खाली उतरून बाजूला होईपर्यंत तो तसाच होता. वनमाला म्हातारीला धरून उतरली, गाडीला वळसा घालून आली आणि तेव्हा तिनं पाहिलं. तिनं हंबरडा फोडला. जयवंत पाण्याच्या बादल्या टाकून धावत आला. देवीहून उतरणाऱ्या दोन बाप्यांनी डाव्या चाकामागे खांदे लावले, जयवंतनं गाडीतल्या पहारीनं उजवं चाक उचललं, आणि हात मोकळा झाला. तीन बोटं कामातून गेली होती, ते डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती. वनमालानं ओटीतला खण काढला आणि हाताला गुंडाळला. हिरवा खण बघता बघता काळा पडला.

"पण झालं काय?" जयवंतनं विचारलं. "सकाळी तर पेडल एवढं घट्ट..."

"रबर फुगला. चूक माझी."

"नवं रबर? आपोआप कसं फुगेल? रॉकेलबिकेल लागलं की काय?"

गाठ मारता मारता वनमालाचे हात थांबले. तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "रॉकेल मी घातलंय. वाट्यो काळ्यो होत्यो. म्हणान मीच भिजत घातलंय."

सगळे तिच्याकडे बघू लागले. जयवंतच्या आईनं तोंडाला पदर लावला. कोणीतरी 'अगं बाई' म्हणालं, आणि त्या दोन शब्दांत तिचा पुढचा सगळा जन्म ठरून जाणार, हे धाकूला दिसलं. गप्प राहिला असता, तर त्याचं नाव वाचलं असतं. बायकोनं घोळ घातला, बिचाऱ्या धाकूचा काय दोष, असं कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत सगळे म्हणाले असते.

"तिका म्हायत नव्हता," तो म्हणाला. "माका म्हायत होता. सकाळी वाटी हातात घेतलंय तेव्हाच माका वास इलो. मी इचारूक नाय."

जयवंत खाली मान घालून उभा राहिला. वनमाला नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्या बघण्यात सकाळचं काहीच उरलं नव्हतं.

धाकूनं बांधलेला हात छातीशी धरला आणि दुसऱ्या हातानं डावीकडच्या चाकाकडे बोट दाखवलं.

"जयवंता, तो दगड नीट सार. गाडी अजून पुरी निवाक नाय."